दाखल्यावरील मूल : साथरोग, सीमा आणि सहप्रवासाची संहिता

१

प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासात प्रवाशाने लिहिलेल्या संहितेचा जेवढा विचार झाला आहे, तेवढा प्रवाशाविषयी लिहिल्या गेलेल्या संहितेचा झालेला नाही. जहाजाचा आरोग्यदाखला, गिरमिटाखाली जाणाऱ्या मजुराचा परवाना, देवी टोचल्याचे प्रमाणपत्र, पीतज्वराच्या लसीची पिवळी पुस्तिका, कोविडच्या काळातील चाचणीचा अहवाल हे सारे कागद एका अर्थाने प्रवासवृत्तेच होत. त्यांना ठरलेला घाट आहे आणि ठरलेली भाषा आहे. लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहिले जाते तो, असे दोन पक्ष त्यांत आहेत. वाचक तर असा आहे की त्याच्या एका वाचनावर पुढचा सारा प्रवास अवलंबून असतो. तौलनिक साहित्याभ्यासाला भाषांतर, प्रकार आणि वाचन यांविषयी जे प्रश्न पडतात, ते या कागदांनाही विचारता येण्यासारखे आहेत.

या कागदांचे मूळ गृहीतक साधे आहे : एक देह, एक नाव, एक सही. साथीच्या काळात परदेशी जाणाऱ्या प्रौढ माणसाला हे गृहीतक कसेबसे लागू पडते. मुलाला ते लागू पडत नाही. मूल एकटे प्रवास करीत नाही; त्याला सही करता येत नाही; कित्येकदा त्याच्या वयाला लस चालत नाही; आणि त्याला अडविले तर त्याच्याबरोबरचे माणूसही अडते. म्हणूनच मूल ही आरोग्यदाखल्याच्या व्यवस्थेची खरी कसोटी ठरते. या व्यवस्थेचा इतिहास मुलाच्या बाजूने वाचला, तर त्यात तीन अवस्था दिसतात. पहिल्या अवस्थेत मूल कागदावर नसतेच. दुसऱ्या अवस्थेत त्याला स्वतंत्र कागद मिळतो. तिसऱ्या अवस्थेत त्याला कागदातून सूट मिळते. या तिन्ही अवस्थांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो, तो असा : मूल आणि त्याच्याबरोबरचे माणूस यांचे नाते कागदावर लिहिले गेले आहे काय? जेथे ते लिहिले गेले तेथे मुलाचा प्रवास सुकर झाला. जेथे लिहिले गेले नाही तेथे ताटातूट झाली. प्रस्तुत निबंधात या विधानाची तपासणी काही ऐतिहासिक व वाङ्मयीन साक्षींच्या आधारे केली आहे.

२

सीमेवर आरोग्याची अट घालण्याची प्रथा जुनी आहे. एड्रिअ‍ॅटिक समुद्राकाठच्या रगूसा या नगरराज्याने, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकने, १३७७ मध्ये प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर ठेवण्याचा नियम केला. व्हेनिसने १४२३ मध्ये बेटावर कायमचे रुग्णालय उभारले. पुढे तीसाचे चाळीस दिवस झाले आणि इटालियन भाषेतील चाळीस या संख्येवरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. मराठी बोलीने त्याचे ‘कारंटीन’ करून घेतले. या पद्धतीतील मुख्य कागद माणसाचा नसून जहाजाचा होता. बंदर सोडताना तेथील अधिकारी जहाजाला दाखला देत आणि त्यावरून ते जहाज स्वच्छ, संशयित की दूषित हे ठरे. जहाजावर किती मुले आहेत याला त्या निर्णयात स्थान नव्हते.

प्रवासी मोजतानाही मुलाची गणना पूर्ण होत नसे. १८५५ च्या ब्रिटिश प्रवासी कायद्याप्रमाणे बारा वर्षांवरील व्यक्ती म्हणजे एक प्रवासी, एक ते बारा वर्षांची दोन मुले मिळून एक प्रवासी, आणि वर्षाच्या आतले मूल हिशेबात नाही, अशी पद्धत होती. जागा, पाणी आणि शिधा यांच्यासाठी केलेली ही मोजणी होती. परंतु मुलाकडे पाहण्याची तत्कालीन प्रशासनाची दृष्टी तीतून स्पष्ट होते.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती. १८८६ मध्ये मायलेकी इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या. रमाबाईंनी या प्रवासांवर मराठीत लिहिले. त्यांचे अमेरिकेविषयीचे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या व्यवस्थेतून त्या गेल्या तीत आरोग्याची मुख्य हमी जहाजाच्या कागदाची असे. प्रवाशाच्या देहाची स्वतंत्र लेखी ओळख हा तिकीट काढून जाणाऱ्या प्रवाशाच्या अनुभवाचा भाग अजून झाला नव्हता.

मात्र त्याच दशकात कलकत्त्याच्या बंदरातून फिजीला जाणाऱ्या गिरमिटियांची स्थिती निराळी होती. त्यांच्या परवान्यावर नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरील खुणा यांची नोंद असे. शिवाय हा मनुष्य शरीराने व मनाने निरोगी आहे आणि करार केल्यानंतर त्याला देवी टोचण्यात आली आहे, अशी डॉक्टरांची सही असे. लसीच्या नोंदीसह एकेका देहाचा प्रवासी कागद स्वेच्छेने फिरणाऱ्यांच्या आधी कराराने बांधलेल्यांच्या वाट्याला आला, ही बाब या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. असा कागद असूनही प्रवास सुरक्षित झाला असे नाही. गिरमिटियांचे पहिले जहाज ‘लिओनिदास’ मे १८७९ मध्ये फिजीला पोहोचले तेव्हा त्यावर पटकी व देवी या रोगांचा प्रादुर्भाव झालेला होता आणि उतारूंना एका लहान बेटावर कारंटीनमध्ये ठेवावे लागले.

मॉरिशसची स्मृती याहून भीषण आहे. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरील मजुरांना पटकीच्या भयाने गाब्रिएल बेटावर उतरविण्यात आले. पुरेशा निवाऱ्याअभावी तेथे दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. फ्रेंच कादंबरीकार ल क्लेझिओ यांनी ‘ला कारांतेन’ या १९९५ च्या कादंबरीसाठी त्याच्या शेजारचे बेट निवडले. कादंबरीतील मुख्य घटना १८९१ मध्ये घडते; देवीच्या संशयावरून जहाजावरील युरोपीय उतारू आणि भारतीय मजूर त्या बेटावर अडकतात. या कथानकात आणखी एक प्रवास गुंफलेला आहे. १८५७ च्या कानपुरातील कत्तलीतून गिरिबाला नावाची स्त्री एका गोऱ्या मुलीला उचलते, तिचे नाव अनंता ठेवते आणि तिला घेऊन मॉरिशसला येते. याच अनंताची मुलगी म्हणजे कादंबरीची नायिका सूर्यवती. रक्ताचे नाते नसलेली आई आणि वंशाने परकी ठरणारे मूल परवान्यांच्या जगातून पार होतात. परवान्याला खूण, उंची आणि जात विचारता येते. कोणी कोणाला उचलून घेतले हे विचारण्यासाठी त्याच्याजवळ रकाना नाही. अभिलेखात जे नाते मावत नाही त्याला कादंबरीने जागा दिली आहे.

३

जहाजाच्या कागदाकडून माणसाच्या तपासणीकडे झालेले संक्रमण एका मुलीच्या दृष्टीने टिपले गेले आहे. मेरी अँटिन हिचा जन्म १८८१ मध्ये रशियन साम्राज्यातील पोलोत्स्क या गावी ज्यू कुटुंबात झाला. वडील आधीच बॉस्टनला गेले होते. १८९४ मध्ये आई आपल्या चार मुलांना घेऊन त्यांच्याकडे निघाली. बॉस्टनला पोहोचल्यावर मेरीने आपल्या मामाला यिडिश भाषेत एक लांबलचक पत्र लिहिले. पुढे तिनेच त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १८९९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. तिचे ‘द प्रॉमिस्ड लँड’ हे आत्मचरित्र १९१२ चे. त्यातही या प्रवासाचा काही भाग आला आहे.

या पत्रामागील काळ ध्यानात घेतला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी, १८९२ मध्ये, हॅम्बुर्गमध्ये पटकीने साडेआठ हजारांच्या आसपास माणसे मेली होती. रशियातून येणाऱ्या गरीब स्थलांतरितांवर संशय रोखला गेला. अमेरिकेने त्याच वर्षी १ सप्टेंबरला, स्थलांतरितांना घेऊन येणाऱ्या जहाजांवर वीस दिवसांच्या कारंटीनची अट घातली. तेव्हापासून जर्मनीतून पुढे जाऊ पाहणारा गरीब उतारू हा केवळ उतारू राहिला नाही. तो संभाव्य रोगवाहक मानला जाऊ लागला.

अँटिनच्या कथनात हे धोरण तीन ठिकाणी भेटते. पहिले ठिकाण रशिया आणि जर्मनी यांच्या सीमेवरचे. तेथे जर्मन अधिकारी व डॉक्टर या कुटुंबाला सांगतात की, पटकीमुळे नियम बदलले आहेत. स्वस्त तिकिटावर पुढे जाता येणार नाही, वरच्या वर्गाचे तिकीट हवे. आईजवळ तेवढे पैसे नाहीत. म्हणजे आरोग्याची अट प्रत्यक्षात पैशाची अट होते. काही दिवस सीमेवर अडकून पडल्यानंतर अनोळखी माणसांच्या मदतीने ही वाट मोकळी होते. दुसरे ठिकाण बर्लिनजवळचे. तेथे गाडीतून उतरवून सामान वेगळे केले जाते, कपडे वाफेत टाकले जातात, आणि बायकामुलांना एका खोलीत नेऊन अंगाला काही बुळबुळीत द्रव्य चोळून न्हाऊ घातले जाते. काय चालले आहे हे कोणी सांगत नाही. आपल्याला लुबाडणार, कदाचित मारून टाकणार, अशी मुलीची समजूत होते. कपडे लवकर चढवा, नाहीतर गाडी चुकेल, असे ऐकू येते तेव्हा तिला उमगते की हे सारे रोगाचा संशय धुऊन काढण्यासाठी होते. तिसरे ठिकाण हॅम्बुर्ग. तेथे जहाज मिळण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे कारंटीनमध्ये काढावे लागतात.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या साक्षीचे मोल दुहेरी आहे. एक तर साथकाळातील सीमा ओलांडण्याची प्रक्रिया येथे ज्याची तपासणी होते त्याच्या बाजूने लिहिली गेली आहे, आणि तो तपासला जाणारा जीव एक मूल आहे. दुसरे असे की, ही संहिता स्वतःच भाषांतरित आहे. सीमेवरची आज्ञा जर्मन भाषेत, ती सोसणारे कुटुंब यिडिशभाषक, कथन प्रथम यिडिशमध्ये, नंतर इंग्रजीत. आरोग्याची अट ही भाषेची अटही असते, हे तिच्या भीतीवरून कळते. ज्या कृतीचा हेतू संरक्षणाचा होता ती कृती न समजलेल्या भाषेमुळे हिंसेसारखी भासली. तरीही ती सुसह्य झाली, कारण त्या खोलीत आई बरोबर होती. नियमाने नव्हे, तर बायकामुलांना एकत्र हाकण्याच्या सोयीमुळे हे घडले असले, तरी परिणाम तोच.

४

पलीकडच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला जात होता. न्यूयॉर्कचे एलिस बेटावरील स्थानक १ जानेवारी १८९२ रोजी उघडले. तेथे प्रथम नोंदली गेलेली व्यक्ती म्हणजे आयर्लंडहून आलेली अ‍ॅनी मूर. वयाने ती किशोरी होती आणि दोन धाकट्या भावांना घेऊन न्यूयॉर्कमधील आईवडिलांकडे चालली होती. घृणास्पद अथवा धोकादायक संसर्गजन्य रोग असलेल्यांना प्रवेश नाकारण्याची तरतूद १८९१ च्या कायद्यात होती. पुढे खुपऱ्यांसारखा डोळ्यांचा विकार तीत धरला गेला आणि हा विकार मुलांमध्ये वारंवार आढळे. १९०३ च्या कायद्याने, निघताना ओळखता येण्याजोगा रोग असलेला उतारू आणल्यास जहाज कंपनीला प्रत्येकी शंभर डॉलर दंड ठेवला. परिणामी तपासणी निघण्याच्या बंदरावर सरकली. आजची विमान कंपनी प्रवाशाचे कागद पाहूनच त्याला विमानात घेते, या रिवाजाचे मूळ अशाच तरतुदींत आहे.

मूल परत पाठवायचे ठरले तर त्याच्याबरोबर कोणी जायचे, हा यातील खरा अवघड प्रश्न होता. १९०७ च्या कायद्याने त्याला उत्तर दिले : नाकारलेली व्यक्ती आजार, व्यंग किंवा बाल्य यांमुळे असहाय असेल आणि तिला बरोबरच्या माणसाच्या सांभाळाची गरज असेल, तर त्या माणसालाही परत पाठवावे. हे कलम कठोर आहे. निरोगी आईचा प्रवेश रोगी मुलामुळे रद्द होतो आणि कुटुंबाचे दोन तुकडे दोन खंडांत पडतात. परंतु मूल एकटे प्रवास करीत नाही हे सत्य कायद्याने येथे अक्षरात मान्य केले, हेही खरे. ही मान्यता दयेच्या रूपाने नव्हे, तर शिक्षेच्या रूपाने आली.

५

मुलाला स्वतःचा आरोग्यकागद मिळण्याचा काळ विमानप्रवासाबरोबर आला. पटकीच्या किंवा प्लेगच्या रोगबीजापेक्षा विमान वेगवान असल्याने जहाजाचा दाखला निरुपयोगी ठरला. आजार उघड होण्यापूर्वीच प्रवासी घरी पोहोचू लागला. १९३३ मध्ये हेग येथे हवाई वाहतुकीसाठी आरोग्यविषयक करार झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लसीकरणाच्या दाखल्यांचे आंतरराष्ट्रीय नमुने ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्वच्छता नियम संमत केले आणि ते १ ऑक्टोबर १९५२ पासून अमलात आले. १९६९ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम हे नाव मिळाले.

या व्यवस्थेने मुलाच्या बाबतीत एक निःसंदिग्ध भूमिका घेतली. दाखला व्यक्तिगत आहे, तो सामूहिक रीतीने वापरता येणार नाही. मुलांना वेगळे दाखले द्यावेत. मुलाची माहिती आईच्या दाखल्यात घालू नये. हीच गोष्ट त्या काळच्या पासपोर्टशी ताडून पाहण्याजोगी आहे. दोन महायुद्धांमधल्या काळात रूढ झालेल्या पासपोर्टात बायको आणि मुले यांना कुटुंबप्रमुखाच्या पुस्तिकेत जागा असे. म्हणजे राष्ट्रीयत्वाच्या दृष्टीने मूल हे बापाच्या पुस्तिकेतील एक ओळ होते. रोगाच्या दृष्टीने मात्र तो स्वतंत्र देह होता. मुलाला आंतरराष्ट्रीय संहितेत स्वतःचे पान प्रथम देणाऱ्या कागदांत लसीच्या दाखल्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

देवीच्या दाखल्याचे व्यावहारिक नियम मुलावर विशेष भार टाकणारे होते. दाखला तीन वर्षे चाले. पण पहिल्यांदाच टोचून घेणाऱ्याचा दाखला यशस्वी लसीकरणानंतर आठ दिवसांनी ग्राह्य होई. पुन्हा टोचून घेणाऱ्याचा त्याच दिवसापासून लागू होई. मोठ्या माणसांना बहुधा बालपणीच देवी टोचलेल्या असत, तान्ह्या मुलाला पहिल्यांदाच टोचायचे असे. त्यामुळे आईबाप आज टोचून उद्या निघू शकत. बाळाच्या दंडावरचा फोड उमटतो की नाही, हे पाहण्यासाठी सारे घर आठवडाभर थांबे. साथीच्या बातम्या येत असताना हे आठ दिवस लांबलचक वाटत असणार, हे सांगावयास नको. डिसेंबर १९६१ मध्ये कराचीहून ब्रॅडफर्डला गेलेली नऊ वर्षांची मुलगी देवीने दगावली आणि त्या शहरात साथ पसरली, तेव्हा ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई स्थलांतरितांविषयी संशयाचे वातावरण आणखी गडद झाले. आजारी मुलाकडे आधी रोगाचे दार म्हणून पाहिले गेले, आणि मूल म्हणून नंतर. १९८० मध्ये देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी हा रोग नियमांतून वगळण्यात आला.

सध्याचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ मध्ये संमत होऊन १५ जून २००७ पासून लागू झाले. त्यांच्या सहाव्या परिशिष्टात दाखला व्यक्तिगत असल्याचे आणि मुलांना वेगळे दाखले द्यावयाचे तत्त्व कायम आहे. त्याच परिशिष्टात सहीविषयी एक तरतूद आहे. मुलाला लिहिता येत नसेल तर पालकाने सही करावी. निरक्षर माणसाने नेहमीच्या रीतीने आपली खूण करावी आणि ती त्याचीच खूण असल्याचे दुसऱ्याने नमूद करावे. ‘निशाणी डावा अंगठा’ आणि त्याखाली ‘दस्तूर’ लिहिणाऱ्याचे नाव, ही मराठी दस्तऐवजांतील ओळखीची पद्धत येथे आठवावी. साक्षर जगाच्या मध्यभागी असलेल्या या कागदात मूल आणि निरक्षर शेजारी बसले आहेत. दोघांच्याही वतीने दुसऱ्याला हात उचलावा लागतो. देहाने स्वतंत्र आणि हस्ताक्षराने परतंत्र, अशी मुलाची स्थिती येथे लेखी झाली. याच नियमांच्या तेविसाव्या कलमाने वैद्यकीय तपासणी किंवा लसीकरण यांसाठी प्रवाशाची अथवा त्याच्या पालकांची पूर्वसंमती आवश्यक मानली आहे. पालकाची सही ही केवळ सोय नाही. कागदाने नात्याला दिलेली ती कबुली आहे.

पीतज्वर आणि पोलिओ या दोन रोगांच्या अटींत वयाचा प्रश्न परस्परविरुद्ध दिशांनी येतो. पीतज्वराची लस सहा महिन्यांखालील बाळास वर्ज्य आहे आणि सर्वसाधारणपणे नऊ महिन्यांपासून द्यावी असा सल्ला आहे. म्हणून ज्या देशांना तिचा दाखला लागतो ते तान्ह्या मुलांसाठी वयाची मर्यादा ठेवतात. भारतात हा रोग कधी शिरलेला नाही. परंतु तो पसरविणारा डास येथे आहे. त्यामुळे रोगग्रस्त देशांतून दाखल्याविना येणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवण्याची तरतूद भारताने ठेवली आहे. उलट पोलिओ हा मुख्यतः मुलांचा आजार. पण भारताने २०१४ पासून पोलिओग्रस्त देशांशी होणाऱ्या प्रवासासाठी तोंडावाटे घेतलेल्या डोसाचा दाखला मागितला तो सर्व वयांच्या प्रवाशांकडून. एका रोगात मूल वयामुळे सुटते. दुसऱ्या रोगात मुलाच्या रक्षणासाठी आजोबांनाही डोस घ्यावा लागतो.

६

कोविड-१९ च्या साथीने या साऱ्या जुन्या उत्तरांची एकाच वेळी परीक्षा घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आणीबाणी जाहीर केली आणि ५ मे २०२३ रोजी ती संपल्याचे सांगितले. या सव्वातीन वर्षांत प्रत्येक देशाने स्वतःची अट लिहिली, बदलली आणि पुन्हा लिहिली.

भारतासंबंधीचे पहिले उदाहरण दाखल्याचे नसून नात्याचे आहे. मार्च २०२० मध्ये व्हिसा आणि परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डावरील प्रवेश स्थगित झाला, त्याच महिन्यात नियमित आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. ७ मेपासून ‘वंदे भारत’ योजनेखाली नागरिकांना परत आणले जाऊ लागले. अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या कित्येक भारतीय जोडप्यांची मुले जन्माने अमेरिकन नागरिक होती. मराठी घरे अशा जोडप्यांत पुष्कळ आहेत. आईबापांना विमानात जागा होती; मांडीवरच्या मुलाला प्रवेश नव्हता. २२ मे रोजी भारतीय नागरिकांच्या परदेशात जन्मलेल्या अल्पवयीन, कार्डधारक मुलांना मुभा देण्यात आली. नियम करताना नाते लिहायचे राहिले होते. दोन महिन्यांनी ते लिहिले गेले.

त्याच आठवड्यात, २४ मेच्या मार्गदर्शक सूचनांत, परदेशातून येणाऱ्यांना सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरण आणि पुढे सात दिवस गृहविलगीकरण अशी अट आली. तिला मोजके अपवाद होते : गर्भवती, कुटुंबातील मृत्यू, गंभीर आजार आणि दहा वर्षांखालील मुले बरोबर असलेले आईबाप. या अपवादाची शब्दयोजना विचारात घेण्यासारखी आहे. सूट मुलाला दिलेली नाही; मूल बरोबर असलेल्या आईबापाला दिलेली आहे. येथे कागदाने एकट्या देहाऐवजी सहप्रवास हे एकक मानले.

पुढे चाचणी आणि लस यांच्या अटी आल्या तेव्हा वयाच्या रेषा ठिकठिकाणी वेगळ्या पडल्या. भारताने ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर अहवाल आणि ‘एअर सुविधा’ या संकेतस्थळावरील स्वयंघोषणा मागितली. पाच वर्षांखालील मुलांना चाचणीतून सूट दिली, मात्र लक्षणे दिसल्यास चाचणी आवश्यक ठेवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ही स्वयंघोषणा बंद झाली. जानेवारी २०२३ पासून काही देशांतून येणाऱ्यांसाठी ती थोडा काळ पुन्हा लागू होती. अमेरिकेने जानेवारी २०२१ पासून दोन वर्षांवरील प्रत्येक विमानप्रवाशाला निघण्यापूर्वीची चाचणी लावली, ती जून २०२२ मध्ये मागे घेतली. तेथे ८ नोव्हेंबर २०२१ पासून परदेशी अभ्यागतांना लस सक्तीची झाली; अठरा वर्षांखालील मुलांना तीतून वगळले. त्या आदेशाच्या पहिल्या आठवड्यांत लस न घेतलेल्या मुलाची चाचणी किती जुनी चालेल, हे बरोबरच्या प्रौढाने लस घेतली आहे की नाही यावर ठरत होते : घेतली असल्यास तीन दिवस, नसल्यास एक. मुलाचा अहवाल आईबापाच्या दाखल्यावाचून अपुरा ठरत होता. १ जुलै २०२१ पासून दोन वर्षे चाललेल्या युरोपीय संघाच्या अंकीय प्रमाणपत्राच्या व्यवस्थेतही बारा वर्षांखालील मुलांना चाचणीतून वगळावे आणि लस घेतलेल्या पालकांबरोबरच्या मुलांना वेगळे विलगीकरण लावू नये, अशी शिफारस होती.

भारतातील लसीची वयोरेषा निराळी होती. १५ ते १८ वर्षांच्या मुलांचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी, १२ ते १४ च्या मुलांचे १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. त्याखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय मोहीम झाली नाही. अमेरिकेत मात्र ५ ते ११ वर्षांच्या मुलांना नोव्हेंबर २०२१ पासून लस मिळू लागली होती. त्यामुळे एकाच वयाचे मूल एका देशात लसीयोग्य आणि दुसऱ्या देशात लसीबाहेर असे. ‘को-विन’च्या नोंदणीत एका दूरध्वनी क्रमांकावर प्रथम चार आणि जानेवारी २०२२ पासून सहा व्यक्तींची नोंद होऊ शके. म्हणजे नोंदणी घराची होती. बाहेर पडणारे प्रमाणपत्र मात्र एकेकाचे. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनशी भारतीय प्रमाणपत्राच्या ग्राह्यतेविषयी वाद झाला, त्यानंतर परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारीख छापण्याची सोय झाली. जेथे सूट वयावर ठरते तेथे जन्मतारीख हाच कागदाचा सर्वांत महत्त्वाचा शब्द होतो, हे यावरून दिसते.

नाते न लिहिलेल्या नियमाचे टोक २०२२ च्या वसंतात शांघायमध्ये दिसले. बाधित आढळलेल्या लहान मुलांना बाधा नसलेल्या आईबापांपासून वेगळे ठेवण्यात आले. परदेशी वकिलातींनी मुलांना पालकांपासून तोडू नये अशी विनंती केली, शहरातून संताप व्यक्त झाला, आणि एप्रिलमध्ये काही अटींवर पालकांना बरोबर राहू देण्यात आले. एका देहाला एक निदान हे तत्त्व वैद्यकीयदृष्ट्या सुसंगत होते. तान्ह्या मुलाला ते लावताच त्याची मर्यादा उघडी पडली.

७

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मुलांना सूट द्यावी किंवा देऊ नये असा नाही. सूट ही सदैव हिताची असते असेही नाही. कागदातून सुटलेले मूल बरोबरच्या माणसाच्या कागदावर पूर्णपणे अवलंबून राहते आणि तो कागद अडला की मूलही अडते. स्वतंत्र दाखला हीही सदैव बाधा नसते. देवीच्या दाखल्याने मुलाला आंतरराष्ट्रीय संहितेत स्वतःचे नाव दिले. निर्णायक ठरते ती गोष्ट वेगळीच आहे. १९०७ च्या अमेरिकन कलमात, सहाव्या परिशिष्टातील पालकाच्या सहीत, २०२० च्या दहा वर्षांखालील मुलांच्या आईबापांच्या अपवादात मुलाचे नाते अक्षरबद्ध झाले आहे. कोठे ते शिक्षेसाठी झाले, कोठे सोयीसाठी, कोठे करुणेसाठी. जेथे ते झाले नाही तेथे प्रथम ताटातूट घडली आणि नंतर दुरुस्ती आली.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक काम शिल्लक आहे. मेरी अँटिनचे पत्र, ल क्लेझिओ यांची कादंबरी आणि आरोग्य नियमांचे परिशिष्ट या तिन्ही संहिता एकाच अनुभवाभोवती फिरतात. पण त्या एकत्र वाचल्या जात नाहीत. पत्र भीती सांगते, कादंबरी नाते सांगते, परिशिष्ट सहीची जागा सांगते. २०२४ मध्ये संमत झालेल्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून बहुसंख्य देशांत अमलात आल्या आहेत आणि त्यांनी अंकीय स्वरूपातील आरोग्यकागदांनाही जागा दिली आहे. यापुढे दाखला बहुधा यंत्र वाचील. वाचणारे यंत्र असो वा बंदरावरील डॉक्टर, लिहिता न येणाऱ्या प्रवाशाच्या वतीने कोणी सही केली आणि ते माणूस त्याचे कोण, हे दोन रकाने त्या संहितेत राहतात की गळतात, यावर पुढच्या साथीतील मुलांचा प्रवास ठरेल.